माझ्या टेबलावर सापडलेला तारा

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४
धंतोली, नागपूर

सकाळी गारठा. कामवाली आली नाही. दिवाळी संपल्याचं तिला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. वरच्या मजल्यावरच्या उत्तराला माझ्या जेवणाच्या टेबलावर एक तारा भडकलेला सापडला. चकल्या मऊ पडल्या, डबा उन्हात ठेवला. बँकेत जाऊन हयातीचा दाखला दिला. मी जिवंत आहे हे तिथल्या मुलीने आधार कार्डाशी दोनदा ताडून पाहिलं आणि नाइलाजाने मान्य केलं. समोरच्या इस्पितळाच्या जनरेटरने दुपारची झोप घालवली. गॅसचा सिलेंडर बदलला.

कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला डायरी लिहायला शिकवलं ते असं: जे घडलं ते लिहायचं, घडलं त्या क्रमाने लिहायचं, आणि त्यात स्वतःचा शहाणपणा घालायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी मी जन्मभर पाळल्या. ताऱ्याला कामवाली आणि चकल्यांच्या मधे जागा मिळाली ती त्यामुळेच. पुढे त्याला याहून बरीच मोठी जागा मिळाली, फ्लेक्सवर, आणि ती त्याला मानवली नाही. तेव्हा उत्तराबद्दल जरा सविस्तर लिहिते. शहाणपणा आपोआप आत येईल, त्याला मी काय करू.

उत्तरा ताजने मूळची आर्वीची, शाळामास्तरांची मुलगी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग. लग्न जुळवताना ही पदवी सासरच्यांना फार आवडली होती. ती वापरायची वस्तू असेल असं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. शोकेसमध्ये काचेचं हरीण असतं, तशी घरात एक पदवी असावी, एवढंच. लग्नानंतर काही वर्षांनी उत्तराने ज्युनिअर कॉलेजात नोकरी धरली तेव्हा घरात थोडी कुरकुर झाली, पण 'आमची सून कॉलेजात शिकवते' हे वाक्य लग्नकार्यात बरं दिसतं हे लक्षात आल्यावर ती थांबली.

सासरे वामनराव. लकडगंजात त्यांची लाकडाची वखार आहे. सागवान, साल, बाभूळ, सगळं. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीचं मत असतं आणि ते मोठ्या आवाजात असतं. सासू रुख्मिणीबाईंचे गुडघे गेलेले, जीभ शाबूत. नवरा रोहित स्वभावाने फारच चांगला. ज्याच्याशी शेवटचं बोलणं झालं असेल त्याचं त्याला पटतं.

टाळेबंदीत सगळं नागपूर कुकरमध्ये केक करायला शिकत होतं, तेव्हा उत्तराने इंटरनेटवरच्या कुठल्याशा कार्यशाळेत नाव घातलं. विषय: ताऱ्यांचे क्ष-किरण. कार्यशाळा संपली, टाळेबंदी संपली, केक संपले. उत्तराचं खूळ तेवढं उरलं. पुण्याच्या एका सरांकडे तिने पीएच.डी.ला नाव नोंदवलं. चाळिशी उलटलेल्या बाईने. रुख्मिणीबाईंनी नात्यात सांगून टाकलं की सून आता एक्स-रेचं शिकते. धंतोलीत राहणाऱ्यांकडून दुसरी कसली अपेक्षा असणार? इथे दर दुसऱ्या घरावर दवाखान्याची पाटी. हिंगणघाटच्या एका काकांनी गुडघ्याची फिल्म कुरिअरने पाठवून दिली. उत्तराने ती उजेडात धरून पाहिली आणि 'डॉक्टरांना दाखवा' असं कळवलं. तिचा हा सल्ला नात्यात आजही नावाजला जातो.

वरच्या घरात सकाळी बसायला जागा नाही. टीव्हीवर भजनं, वामनरावांच्या फोनवर भजनांहून मोठ्याने लाकडाचे भाव. माझ्याकडे तीन खोल्या, मी एकटी, आणि अमेरिकेतल्या मुलाने मला बघता यावं म्हणून बसवून दिलेलं इंटरनेट. तो महिन्यातून एकदा बघतो. उरलेलं इंटरनेट वाया जाऊ नये म्हणून मी उत्तराला म्हटलं, ये खाली. तेव्हापासून रोज सकाळी ती लॅपटॉप काखेत मारून येते, केस न विंचरता, आणि कॉलेजची वेळ होईपर्यंत माझ्या टेबलावर बसते. काम करताना ती मुरमुरे खाते आणि ताऱ्यांशी बोलते. "चल ना रे, हल ना थोडा." तारे हलत नाहीत. मुरमुरे संपतात.

हे काम काय आहे ते मी तिच्याकडून समजून घेतलं, कारण माझ्या टेबलावर काय चालतं ते मला कळलं पाहिजे. आकाशात लहान, तांबूस, मंद असे पुष्कळ तारे आहेत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्या पोटात चुंबकाच्या दोऱ्यांचा गुंता असतो. तो कधीतरी फटकन तुटतो आणि काही मिनिटं त्या ताऱ्यातून क्ष-किरणांचा भडका निघतो. मग पुन्हा सगळं सामसूम. आपली हवा क्ष-किरण खाली येऊ देत नाही, म्हणून दुर्बीण अवकाशात सोडावी लागते. तिथे किरणाचा एकेक कण येतो, आणि तो कुठे पडला, कधी पडला, याची नोंद होते. आता गंमत अशी की बहुतेक लोक दुर्बिणीने तासन्‌तास जमवलेलं सगळं एकत्र करून बघतात. महिन्याच्या विजेच्या बिलावरून मिक्सर कधी फिरवला ते कळत नाही, तसा मिनिटांचा भडका त्या बेरजेत बुडून जातो. उत्तरा ती बेरीज पुन्हा सोडवते, बारीक बारीक काप करते आणि प्रत्येक काप तपासते.

दुर्बीण परदेशातल्यांची. त्यांनी ती वर सोडली, हवं ते पाहून घेतलं आणि सगळी नोंद जगासाठी फुकट खुली ठेवली. त्या उरल्यासुरल्यात शोधणं, हे उत्तराचं संशोधन. मी वामनरावांना समजावून सांगितलं की तुमच्या वखारीत लाकूड कापल्यावर भुसा उरतो ना, तसंच.

"भुश्याचे पैसे भेटतात, वहिनी," वामनराव म्हणाले.

वामनरावांच्या लेखी संशोधन म्हणजे बोअरवेल. रोज रात्री जेवताना ते विचारायचे, "लागलं काय वं पाणी?" उत्तरा मान हलवायची. "किती खोल गेली?" यावर ती त्यांना आणखी भात वाढायची. उन्हाळ्यात वखारीतला कॉम्प्युटरवाला मुलगा काम सोडून गेला, आणि वामनरावांना एकाएकी आठवलं की घरात कॉम्प्युटर येणारी एक बाई रोज सकाळी खाली जाऊन मुरमुरे खाते. त्यांनी निकाल दिला: "तुळशीच्या लग्नापर्यंत लागलं तं लागलं. नाही तं मशीन उचल अन् सकाळी वखारीत बस." रोहितला ते पटलं. उत्तराने त्याला बाजूला घेतलं, तर तिचंही पटलं. पण निकाल कायम राहिला.

म्हणून आठ नोव्हेंबरला ती माझ्या टेबलावरून अशी उठली की खुर्ची मागे पडली. पडद्यावर ठिपक्यांची एक सपाट रांग होती आणि मधेच एक सुळका. "काकू, भडकला!" ती म्हणाली. मी चष्मा शोधून येईपर्यंत तिने तो तीनदा तपासला होता. मग तिने आणखी एक तपासणी केली, जी या धंद्यात करावीच लागते. कधी कधी तारा भडकत नाही, दुर्बिणीचा कॅमेराच थरथरतो. ते ओळखायचं कसं, तर शेजारचा आकाशाचा रिकामा तुकडा घ्यायचा आणि त्यातही त्याच वेळी सुळका आहे का पाहायचा. रिकाम्या आकाशात सुळका नव्हता. म्हणजे तारा खरोखर भडकला. त्या रात्री वामनरावांनी विचारलं, "लागलं काय वं?" आणि उत्तरा म्हणाली, "लागलं, मामाजी."

इथे तिने पुण्याच्या सरांचं उत्तर येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण ज्या घरात रोज रात्री हिशेब मागतात, तिथे पाणी लागल्यावर कोण थांबतं?

सकाळपर्यंत लकडगंजाला कळलं. दुपारपर्यंत समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष देवाजी यांना कळलं. देवाजींना सत्कार करायला माणसं कमी पडतात. गेल्या वर्षी त्यांनी बारावीत पंचावन्न टक्के मिळवलेल्या मुलाला 'गुणवंत' म्हणून शाल दिली होती. त्यांनी लगेच जाहीर केलं की उत्तराचा सत्कार व्हायलाच पाहिजे. मधे विधानसभेची निवडणूक होती, आचारसंहिता होती, सत्कारातही पुढारी लागतात, म्हणून तारीख ठरली रविवार, १ डिसेंबर. लकडगंजातलं एक मंगल कार्यालय. जेवणात पाटवडी-रस्सा आणि कोथिंबिरीची सांबारवडी.

फ्लेक्सचा नमुना वामनरावांनी मला फोनवर दाखवला. वर लिहिलं होतं, 'नागपूरच्या सुनेने शोधला आकाशातील ज्वालातारा'. कडेला शनी होता, कड्यासकट.

"हा शनी आहे," मी म्हटलं.

"दिसायले चांगला आहे. तिचा तारा तं दिसतच नाही म्हणते."

उत्तराचा फोटो लग्नातला होता, मुंडावळ्यांसह. वामनरावांचा फोटो तिच्याहून मोठा होता. शनीहूनही मोठा होता.

मग ते लाईटचं प्रकरण झालं. निवडणुकीचे निकाल लागून गेले होते. संध्याकाळची वेळ, दिवेलागण नुकतीच झालेली. उत्तरा माझी वाटी परत द्यायला जिन्यात उतरली आणि आमच्या इमारतीचे दिवे गेले. नागपुरात दिवे गेले की माणूस आधी काय करतो? खिडकीत जाऊन समोरच्यांकडे बघतो. समोर आहेत तर बिघाड आपल्याकडे, समोर नाहीत तर बिघाड सरकारकडे. वामनराव गॅलरीत आले.

"ओ मीराबाई! लाईट आहे काय तुमच्याकडं?"

समोरच्या घरातून मीराबाईंचा आवाज आला, "आहे नं, भाऊजी! आमच्याकडं काहून जाईन?"

झालं. वामनरावांनी ठरवलं की आपल्याच मीटरखोलीत घोटाळा आहे. इमारतीच्या सेक्रेटरीपासून बिल्डरपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. रोहित टॉर्च घेऊन खाली गेला, फ्यूज काढला, फ्यूज घातला, हाताला चटका लावून घेतला. मग मीराबाईच पुन्हा ओरडल्या, "अवो, आमची फेज अलग आहे! मांगच्या गल्लीवाल्यांले विचारा, ते तुमच्या लाईनवर आहे!" मागच्या गल्लीत मिट्ट काळोख होता. बिघाड सरकारकडेच होता. सगळ्यांना एकदम बरं वाटलं.

उत्तरा मात्र वाटी हातात धरून पायरीवर बसली.

"काकू," ती म्हणाली, "मी समोरच्यांना विचारलं."

"मीराबाईंना? त्यांना वामनरावांनी विचारलं."

"नाही हो. ताऱ्याचं. मी पण समोरच्यांनाच विचारलं. त्यांची फेज वेगळी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला दाखवलं. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याची आतली काच अखंड नसते. फरशा बसवाव्यात तशा तिच्यात पट्ट्या असतात, आणि प्रत्येक पट्टी आपापली चालते. कधी एखादीच पट्टी काही मिनिटं चाळवते, बाकीच्या शांत. उत्तराचा तारा एका पट्टीच्या अगदी कडेला होता. त्या पट्टीवर बाकीच्या ताऱ्यांची गर्दी होती, म्हणून मोकळं आकाश मिळावं या हेतूने तिने तुलनेचा तुकडा रेषेपलीकडच्या पट्टीवर घेतला. तो स्वच्छ निघाला, कारण त्याचा या भानगडीशी संबंधच नव्हता. आता तिने ताऱ्याच्याच पट्टीवर, गर्दीतून वाट काढून, एक रिकामा तुकडा शोधला. तो तपासला. मुरमुऱ्यांना हात लावला नाही.

रिकाम्या आकाशानेही त्याच वेळी तीच उडी मारली होती.

पुण्याच्या सरांना तिने फोन केला. सर म्हणाले, बरं झालं, शोधनिबंध छापायला पाठवायच्या आधीच सापडलं, असं प्रत्येकाचं एकदा होतं. सरांना सत्काराची कल्पना नव्हती. पुण्यात बसून माणूस शांतपणे बोलू शकतो.

शनिवारी सकाळी तिने वामनरावांना माझ्याकडेच बोलावलं. वर सांगितलं असतं तर भजनात ऐकू गेलं नसतं.

"मामाजी, तो तारा भडकलाच नव्हता. माझी चूक झाली."

वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग लॅपटॉपकडे. "तारा आहे का नाही?"

"तारा आहे. पण..."

"आहे नं? मग काय बिघडलं? उद्या तेवढंच बोल. तारा आहे म्हणावं."

"तो सगळ्यांनाच माहीत आहे, मामाजी. त्याचा नंबर आहे. मी शोधला तो भडका होता. तो नाही."

"हॉल घेतला. आमदारसाहेबांचा पीए येऊन राहिला. पाटवड्या थापून राहिल्या बाया तिकडं! अन् तू आज म्हणते भडकला नाही?" ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा हिले. आधी सत्कार होऊन जाऊ दे, मंग कर म्हणा रद्द, काय करायचं ते."

रोहित दारात उभा होता. "बाबांचं पण बरोबर आहे," तो म्हणाला. उत्तराने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुझंही बरोबरच आहे," तो म्हणाला आणि वर गेला.

"पाहा बाई," वामनराव उठता उठता म्हणाले, आणि या वेळी आवाज चढवला नाही, त्यावरून मला कळलं की ते खरं बोलतायत. "मंचावर उलटं काही बोलली, तं सोमवारपासून सकाळी वखारीत. हे खालचं बंद. कायमचं."

ते गेल्यावर मी उत्तराला विचारलं, काय करणार? ती म्हणाली, माहीत नाही. मग म्हणाली, "काकू, माझ्या यादीत अजून पुष्कळ तारे आहेत हो. आत्ता कुठे हात बसत होता." आणि टेबलावरचे मुरमुऱ्यांचे दाणे एकेक करून वेचायला लागली. मी तिला थांबवलं नाही.

रविवारी हॉल भरला होता. नागपुरात जेवण असलेल्या कार्यक्रमाला विज्ञानाचं आकर्षण नेहमीच असतं. आमदारांचे पीए उशिरा आले, त्यांनी चंद्रावर गेलेल्या आपल्या यानाचं कौतुक केलं, त्याचं श्रेय उत्तराला आणि थोडं स्वतःच्या साहेबांना दिलं आणि निघून गेले. मग प्रास्ताविकाला वामनराव उभे राहिले. माईक मिळाला की हा माणूस उमलतो.

"लोक मले विचारतात, वामनराव, तुमच्या घरी एवढी हुशारी कुठून आली? मी म्हणतो, संस्कार! आपली वखार पाहा. आपल्याकडून गेलेलं लाकूड आतून पोकळ निघालं, अन् गिऱ्हाईक परत घेऊन आलं, तं आपण एक शब्द विचारत नाही. परत घेतो! हेच संस्कार सुनेवर!"

टाळ्या. माझ्या शेजारी बसलेल्या रुख्मिणीबाईंना ठसका लागला. "कधी घेतलं व्हो यायनं परत?" त्या पदरात पुटपुटल्या. मीही या शेजाराला बरीच वर्षं आहे. वखारीतून भांडण घरापर्यंत आलेलं मी पाहिलं आहे, लाकूड परत आलेलं कधी नाही.

मग उत्तराचं नाव पुकारलं. ती माईकपाशी गेली. केस विंचरले होते, पण घाईत. तिने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं.

"मामाजींनी आत्ता जे सांगितलं, तेच मी करणार आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला एक तारा दिला होता. तो आतून पोकळ निघाला. तुम्ही परत घेऊन येण्याआधी मीच परत न्यायला आले आहे."

हॉलमध्ये वाढपी सोडून सगळ्यांनी माना वर केल्या. मग तिने सांगितलं. पट्ट्या, कडेचा तारा, पलीकडचा तुकडा, सगळं, पण मीराबाईंच्या फेजवर बेतून. क्ष-किरण कोणाला कळले असतील असं मला वाटत नाही. पण अंधारात गॅलरीत येऊन 'तुमच्याकडं आहे काय?' असं विचारलं नाही आणि फसलं नाही असा माणूस त्या हॉलमध्ये एकही नव्हता. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे, आमची बी फेज अलगच आहे बापा!" हशा झाला. "असे भडके असतात," उत्तरा शेवटी म्हणाली, "इतरांना सापडलेत, मलाही सापडेल. पण हा नाही. खोटं लाकूड विकायचं नाही हे मी आमच्या घरात शिकले."

एका माणसाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. देवाजींनी माईक ओढून घेतला. "सून तं आहेच," ते म्हणाले, "पण असा सासरा पाहिला काय कोणी? सत्यवचनी!" आणि उत्तरासाठी आणलेली शाल त्यांनी वामनरावांच्या खांद्यावर घातली. उत्तराला नारळ मिळाला. मानपत्र आधीच छापलेलं होतं, त्यात तारा भडकलेलाच राहिला. वामनराव शालीत उभे होते आणि हसत होते. असं हसू मी दात काढून घेतलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिलं आहे.

सांबारवडी उत्तम होती.

सोमवारी सकाळी मी टेबल पुसून ठेवलं. उत्तरा आली नाही. वरून भजनं ऐकू येत होती, नेहमीपेक्षा मोठ्याने. चहा निवला. मग जिन्यात चपला वाजल्या. पण त्या वामनरावांच्या होत्या.

"वहिनी, खरं सांगा. हे तुम्ही शिकवलं तिले?"

"मला लाकडातलं काय कळतं, वामनराव?"

"मले चारचौघांत खांबाले बांधलं तिनं!"

"दोर तुमचाच होता. तिने गाठ तेवढी मारली."

ते आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते फोन स्पीकरवर टाकून सगळ्या धंतोलीला ऐकवत बोलतात, त्यामुळे मला कान द्यावा लागला नाही. जरीपटक्याचा एक फर्निचरवाला होता.

"काकाजी, कालचा व्हिडिओ पाहिला ग्रुपवर. बहुत बढिया! अन् ते नाही का, दसऱ्याच्या टायमाचा सागवान? आतून पुरा पोकळ निघाला. तेव्हा तुम्ही नाही म्हटलं होतं. आता टेम्पो भेजून राहिलो."

वामनरावांचा चेहरा सागवानापासून बाभळीपर्यंत सगळ्या रंगांतून गेला. "भेज," ते म्हणाले.

"काही विचारणार नाही नं, काकाजी?"

"नाही विचारत! भेज म्हटलं नं!"

फोन ठेवून ते माझ्या खुर्चीत बसले. खुर्ची उत्तराची होती. बराच वेळ त्यांनी टेबलाच्या लाकडावरून अंगठा फिरवला. सवयीने, मला वाटतं.

"वहिनी, आता हिले वखारीत बसवलं, तं लोक काय म्हणतीन?"

"खरं बोलली म्हणून सुनेला शिक्षा केली, असं म्हणतील."

"देवाजी तं मंचावरूनच म्हणन."

"शाल परत मागतील कदाचित."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचं आधण ठेवायला उठले. आतून मला त्यांचा आवाज ऐकू आला. जिन्याच्या तळाशी उभे राहून ते वर ओरडत होते, "उत्तरा! खाली काहून नाही आली वं? वहिनी कवाच्या वाट पाहून राहिल्या!" जसं काही उशीर तिनेच केला होता.

ती आली, लॅपटॉप काखेत. "मामाजी, वखारीचं..."

"वखारीत रोहित शिकन कॉम्प्युटर. त्याले काय काम आहे?"

रोहितला ते पटलं असं वरून कळलं.

उत्तराचे डोळे सुजलेले होते. सर्दी झाली म्हणाली. मी डायरीत सर्दी असंच लिहिलं. ती बसली, यादीतला पुढचा तारा उघडला आणि सगळ्यात आधी त्याच पट्टीवरचा रिकामा तुकडा शोधायला लागली. वामनराव जायला हवे होते, वखारीत टेम्पो येणार होता. ते गेले नाहीत. तिच्या मागे उभे राहून पडद्याकडे वाकले.

"यात तारा कुठं आहे?"

"हा ठिपका, मामाजी."

"हा?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "याच्यासाठी मी एवढा फ्लेक्स छापला?"

"यासाठी नाही. तो दुसरा होता. हा याहून बारीक आहे."

"अरे बापा," वामनराव म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. "वहिनी, माझाबी चहा टाका."

त्या संध्याकाळी डायरीत नोंद केली: दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर जास्त टाकायला सांगितलं.